वहिनींचा अग्नी

शेगडी ही निर्जीव वस्तू आहे, हे सर्वमान्य सत्य माझ्या थोरल्या वहिनींनी आजवर एकदाही मान्य केलेले नाही. त्यांच्या बडोद्याच्या घरातला पाइपचा गॅस रुसतो, फुगतो आणि पावसाळी हवेत आळसावतो, असा त्यांचा ठाम दावा होता. ज्योत पिवळी दिसली की त्या बर्नरला ‘आज काय बिनसलं?’ असे विचारीत आणि टाचणीने त्याची भोके मोकळी करता करता समजूत काढीत. मी हयातभर महानगरपालिकेला कलमांचे दाखले देऊन खरमरीत पत्रे लिहिली. निम्म्यांना पोचसुद्धा आली नाही. वहिनींचा बर्नर मात्र दर वेळी निळा होऊन शरण येई.

त्यांचे वांगे भाजणे हा तर न्यायालयीन कामकाजासारखा गंभीर प्रकार. देठ धरून त्या ते ज्योतीवर फिरवीत तेव्हा घरात कोणी ब्र काढायचा नाही. भाकरी ज्योतीवर टम्म फुगली नाही तर ती पाहुण्याला वाढीत नसत. मला वाढीत, कारण दीर हा पाहुण्यांत मोडत नाही. पातेली सगळी पितळेची, मांडवीच्या बाजारातून कल्हई करून आणलेली. स्टीलला त्या ‘दवाखान्यातलं भांडं’ म्हणत.

गेल्या हिवाळ्यात एका दांडग्या सर्दीने त्यांचे वासाचे ज्ञान गेले, ते परतलेच नाही. एका दुपारी दूध उतू गेले, ज्योत विझली, आणि वहिनी तिथेच शांतपणे लसूण सोलीत बसल्या. वास आला तो भिंतीपलीकडच्या हंसाबेनना. त्यांनी धावत येऊन कॉक बंद केला. बातमी पुण्याला पोहोचली आणि माझा पुतण्या इंडक्शनची शेगडी काखोटीला मारून दाखल झाला. एक तर गॅस काढायचा, नाहीतर आईने कायमचे पुण्याला यायचे, असे त्याचे फर्मान.

मी संतापलो. सज्ञान स्त्रीला तिच्याच स्वयंपाकघरातून बेदखल करण्याचा अधिकार मुलाला कोणत्या कायद्याने दिला, असे विचारणारा मुद्देसूद मसुदा मी लिहायला घेतला. तोवर वहिनींनी आपली चौकशी सुरू केली होती. पितळेचे पातेले ठेवताच इंडक्शनने शिट्टी मारून असहकार पुकारला. वांगे तर काचेवर ठेवल्या जागी थंडगार पडून राहिले. “भावोजी, आंधळी आहे ही,” वहिनी म्हणाल्या. मुलाने सोबत आणलेल्या स्टीलच्या पातेल्यात दूध मात्र फार लवकर तापते, हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले.

खरी अडचण वेगळीच होती. या घरात लग्न होऊन आल्यापासून जेवणाआधी तूपभाताचा चिमूटभर घास अग्नीला दिल्याशिवाय त्यांनी तोंडात काही घातलेले नाही. पूर्वी चुलीला, मग गॅसला. भात काचेवर ठेवला तर निदान जळेल का, असे त्यांनी मुलाला विचारले. त्याने मोबाइलमध्ये पाहून नाही म्हणून सांगितले.

मी माझा मसुदा त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो अखेरपर्यंत ऐकला, माझ्या भाषेची तारीफ केली, आणि मग म्हणाल्या, “कायदा तुमचा बरोबर असेल भावोजी. पण माझं नाक गेलंय, आणि त्या भिंतीपलीकडे हंसाबेनचा नातू पाळण्यात निजतो. बंद करून टाका गॅस.”

मी मसुद्याची घडी करून खिशात घातली. गॅस बंद झाला, वहिनी बडोद्यातच राहिल्या, पितळेची पातेली माळ्यावर गेली.

आता मी जेवायला गेलो की ताटे वाढून होतात आणि वहिनी वाटीत तूपभात घेऊन शेजारी जातात. “आवो मासी, गॅस चालुज छे,” असा हंसाबेनचा आवाज येतो. त्यांनी वहिनींसाठी एक बर्नर मोकळा ठेवलेला असतो. दुसऱ्याच्या घरच्या अग्नीला दिलेला घास शास्त्राला मान्य आहे का, हे मी अजून तपासलेले नाही, तपासणारही नाही. घास द्यायला एक क्षण पुरतो, पण वहिनी लगेच येत नाहीत. भिंतीपलीकडून अर्धे मराठी, अर्धे गुजराती बोलणे ऐकू येते, मधूनच हसणे. माझा भाऊ गेल्यानंतर त्यांना असे हसताना मी ऐकले नव्हते. ताटातला भात निवत जातो. मी तो निवू देतो.