मनुबाई बसेल असा गाडा

आटपाडीकडच्या गुंडा मेंढक्याला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी यंदा दिवाळीपासून त्याचा सगळा जीव पिकअपच्या मागच्या हुकात अडकला होता. कारण साधं होतं. पिकअपमागचा गाडा नीट चालला, तरच त्याची बायको मनुबाई बरोबर येणार होती.

दर साली मेंढरं घेऊन उंब्रजकडच्या शेतांत जायचं, तर मनुबाई घोडीचा कासरा धरून पुढं निघे. घोडीवर अख्खा संसार लादलेला. गुंडा मेंढरं चारत चारत दिवस मावळता मुक्कामाला पोचे, तेव्हा माळावर तीन दगडांची चूल पेटलेली असे. काय दिवस होते ते! गेल्या साली गुडघ्यांनी तिला घरी बसवलं, आणि सुनेनं, पूजानं, वाढलेली गरम भाकरीही गुंडाच्या घशाखाली उतरेना. घोडीही त्याच साली गेली.

मग त्यांच्या लेकानं, यशराजनं, जुनी पिकअप घेतली आणि मागं जोडायला दोन चाकांचा गाडा करून घेतला. केबिनमध्ये मनुबाईला मळमळायचं, म्हणून तिची जागा गाड्यात. पण हूक पडला उंच आणि गाड्याची दांडी खाली. जोडल्याबरोबर गाड्यानं तोंड वर केलं, आणि ओढा येईतो मनुबाई कोंबड्यांसकट मागच्या फळीला जाऊन टेकली. यशराजनं मागं भोकांची उभी पट्टी बसवून हूक खालच्या भोकात घेतला. मोकळ्या पिकअपला मोकळा गाडा अगदी सपाट बसला. मग पिकअपमध्ये भांडी, पोती, मेंढरं कोंडायची जाळी असं सगळं चढलं, तिचं बूड दबलं, आणि या खेपेला मनुबाई पुढच्या फळीला.

"म्या न्हाई येत जा," ती उतरून म्हणाली.

"आये, आणिक एकदाच," यशराज काकुळतीला आला.

"आरं, वझं लादल्याबिगर घोडीच्या पोटाखालचा तंग कवा आवळला व्हता का म्या? रिकाम्या गाडीचं माप घेतूस व्हय?"

मग आधी सगळं भरलं, कोकरं कोंबड्या धरून. गुंडानं हाताला धरून मनुबाईलाही बसवलं. त्यानंतर यशराजनं हूक पट्टीच्या वरच्या भोकात आवळला. गाडा सपाट राहिला.

"वाटंतल्या भावाच्या गावापत्तूर बघती. न्हाई सोसलं तर तितंच उतरती," ती म्हणाली.

गुंडा मेंढरं घेऊन आडवाटेनं निघाला. दिवसभर त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सडकेवरच्या खड्ड्यांना तो मनातल्या मनात शिव्या घालत होता.

संध्याकाळी टेकाड उतरताना पिकअप दिसली, धूर दिसला. चुलीपाशी पूजा होती. एकटीच. गुंडा जागीच थांबला. मेंढरं मात्र थांबली नाहीत, त्यामुळं त्यालाही चालावं लागलं.

जवळ गेला, तर गाड्याला टेकून, पाय पसरून मनुबाई बसली होती.

"कवाधरनं बघतीया," ती म्हणाली. "इतक्या सालांत तुमास्नी येताना आज पयल्यांदा बघितलं. चुलीतनं मान वर काढाया सवड कुटं व्हती मला?"