खताच्या खोलीची चावी

महूच्या पुढे आमचं थोडं शेत आहे. सासरे फौजेतून रिटायर झाल्यावर त्यांनी ते हौसेनं घेतलं. राहायला आम्ही शहरात, सुदामा नगरात, पण रविवारी सगळं घर तिकडे. शेतावर खोल्या दोनच. त्यातली कोरडी, हवेशीर खोली सासऱ्यांनी खताला दिली आणि आमच्या वाट्याला चुलीच्या धुराची आली. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या, "आमच्याकडे युरियाला बढिया कमरा, आणि मी बरामद्यात!"

सासरे ढिम्म हलायचे नाहीत. फौजेत ते स्टोअर सांभाळायचे, तीच शिस्त इथे. पोती जमिनीवर नाहीत, लाकडी फळ्यांवर, तीही भिंतीपासून लांब. फोडलेल्या पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलेलं. फवारणीची औषधं लोखंडी कपाटात, आणि ज्या बाटलीतून आली त्याच बाटलीत. खताला हात लावला की विहिरीवर साबणानं हात धुवायचे. फवारणी केली तर कपडेही तिथेच बदलायचे, मगच नातीला जवळ घ्यायचं. मी चिडवायची, "पप्पाजी, खोलीला सॅल्यूट करायचा राहिला!" ते हसायचे, पण कुलूप ओढून बघितल्याशिवाय हलायचे नाहीत.

गेल्या थंडीतल्या एका रविवारी मी पोहे परतत होते. माझी लेक खेळून आली, तिनं माठाशेजारची कोल्ड्रिंकची बाटली उचलली आणि झाकण फिरवलं. वास माझ्या नाकात झोंबला. मी बाटली हिसकावून घेतली. तिनं तोंडाला लावली नव्हती, तरी रडणाऱ्या पोरीचे हात खसाखसा धुतले. बाटलीत फवारणीचं औषध होतं.

सासरे गरजले, "किसने रखी इथे? कोणाची हिंमत झाली?" नवऱ्याला झापलं, मला झापलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्हीच ठेवली ना सुबह. मी बघितलं होतं. मला वाटलं पानी आहे."

सासरे खाटेवर बसले. त्यांचं विसरणं आम्हाला नवीन नव्हतं. एकदा चहा पिऊन पुन्हा मागायचे, ओळखीच्या गल्लीत गोंधळायचे. वय झालं म्हणून आम्ही हसण्यावारी नेत होतो. त्या दिवशी मला आमच्या हसण्याची चीड आली.

निघताना त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि खोलीची चावी माझ्या हातात दिली. "बेटा, ही आता तू रख. मी मागेन, चिल्लावेन, तरी नको देऊ. ऑर्डर समझ."

मी म्हटलं, "यांना द्या ना पप्पाजी." यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला.

"तो मला डरतो," ते म्हणाले. "तू नाही डरत."

दोन-तीन रविवार बरे गेले. मी खोली उघडायची, लागेल तेवढं खत काढून द्यायची, कुलूप लावायची. मग ते चावी मागायला लागले. आधी गोडीनं, "दे ना बेटा, लसणाला खाद टाकायची आहे." मी म्हणायची, चला, मी उघडते. ते त्यांना नको असायचं. त्यांना चावी हवी असायची. तुम्हीच मला मना केलंय असं सांगितलं, तर खोटारडीकडे बघावं तसे बघायचे. "माझ्याच शेतावर मला चोर समझते!" असं म्हणून जेवायचे नाहीत. नवरा कावायचा, "दे ना यार, एका चाबीनं काय होतंय!" काय होतंय ते माझ्या लेकीच्या हातात मी पाहिलं होतं.

गेल्या रविवारी ते आले, ओरडले नाहीत. सगळ्यांसमोर त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "बहूजी, मेहरबानी करो. एक बार दे दो." मला ते कधी बहूजी म्हणाले नव्हते.

मला रडू फुटलं. चावी मुठीत रुतत होती आणि माझ्यावर एवढा भरवसा टाकणाऱ्या माणसाला मी त्याच्याच शब्दाखातर "नाही" म्हटलं.