दुलईचे वाढलेले वीस ग्रॅम

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की हातात असेल ती वस्तू मी नकळत तोलून बघतो. बाजारात बायको यावरून मला टोकते. भाजीवाल्याला वाटेल साहेब अजून ड्युटीवर आहेत, असे तिचे म्हणणे. खून, दरोडे, दंगली सगळे नोकरीत पाहिले, पण कुणी आठवण सांगा म्हटले की मी ही वीस ग्रॅमची चौकशी काढतो. निम्मे ऐकणारे तिथेच निराश होतात.

तेव्हा मी अकोल्यात ठाणेदार होतो. वऱ्हाडातली ती कापसाची वाईट वर्षे. शेतकऱ्याचे काय झाले ते पुष्कळांनी लिहिले आहे, पण कापसाच्या जिवावर जगणारी आणखी किती माणसे रिकामी झाली ते आम्ही ठाण्यात बसून बघत होतो. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग बंद पडत होत्या आणि तिथले कामगार शहरात येऊन मिळेल ते काम धरत होते. त्याच काळात लोकांच्या हातात फोन आले आणि फोनमध्ये दुकाने आली.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो. जुन्या शहरातल्या एक बाई तक्रार अर्ज घेऊन आल्या. सोबत त्यांचे म्हातारे सासरे होते. घराणे पिंजाऱ्यांचे, म्हणजे कापूस पिंजून गाद्या-उशा भरणारे. फोमच्या गाद्या आल्यापासून सासऱ्यांचा धंदा बसला होता. सूनबाईंनी डोके लढवले. सासऱ्यांनी पिंजलेली रुई भरून त्या तान्ह्या बाळांच्या दुलया शिवत आणि फोनवरून विकत. पुण्या-मुंबईकडून मागणी येत होती.

तक्रार कुरिअरच्या हबमधल्या एका माणसाविरुद्ध होती. शहरभरची पार्सले तिथे जमा होत, संध्याकाळी वजन होऊन गाडीने नागपूरला जात. काट्यावर बसून वजन लिहिणाऱ्याला सगळे काटेवालाच म्हणत. हा काटेवाला आपल्या पार्सलचे वजन वाढवून लिहितो, असे बाईंचे म्हणणे. किती वाढवतो, मी विचारले. त्या म्हणाल्या, वीस ग्रॅम, कधी बावीस. मला हसू आले. त्या मात्र हसल्या नाहीत.

त्यांनी मला जे समजावून सांगितले ते मी तोवर ऐकलेही नव्हते. अर्ध्या किलोपर्यंत कुरिअरचा एक दर असतो. अर्धा किलो एका ग्रॅमने जरी ओलांडला, तरी पुढचा दर लागतो, आणि ती जादाची रक्कम विकणाऱ्याकडून कापून घेतात. दुलईत जे काही सुटायचे ते सगळे त्यात जात होते. मग दुलईची किंमत वाढवा, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, डिलिव्हरीचा आकडा पाहूनच गिऱ्हाईक पळते, वर किंमत वाढवली तर कोण थांबणार? हे मात्र मला पटले. माझी बायकोसुद्धा अर्धा तास फोनवर साड्या निवडते, शेवटी डिलिव्हरीचा खर्च दिसला की सगळे सोडून चहा करायला उठते.

म्हणून बाई एकेका ग्रॅमशी झगडत होत्या. कापड पातळ केले, किनारीची पट्टी काढली, वरची प्लास्टिकची पिशवीदेखील वजनाला नको म्हणून काढून टाकली. दुलई घट्ट गुंडाळून मलमलच्या तुकड्यात शिवायची आणि सकाळी हबमध्ये पोचवायची. प्लास्टिकची पिशवी तिथे वजन झाल्यावर चढवत. घरून निघताना पार्सल चारशे नव्वद ग्रॅम असे आणि संध्याकाळच्या पावतीवर पाचशे दहा.

"साहेब, माह्या घरचा काटा सोनाराकडून तपासून आणला," त्या म्हणाल्या. "तो खोटं बोलत नाही. माणूस खोटं बोलून राहिला."

अर्ज ठेवून घेतला. गुन्हा दाखल करण्यासारखे काही नव्हते, पण माझा स्वभाव भोचक. हबमालकाला भेटलो. तो तालेवार माणूस, बोलणे तोडून टाकल्यासारखे. काटेवाला चोर असेल तर आत्ता काढतो, तुम्ही फक्त तसे सांगा, म्हणाला. काटेवाल्याची नोकरी अशी चौकशीच्या पहिल्याच दिवशी माझ्या तोंडच्या एका शब्दावर येऊन ठेपली. एवढी सत्ता फुकट हातात आली की माणसाला बरे वाटते. मलाही वाटले.

काटेवाला पन्नाशीकडे झुकलेला, अंजनगाव सुर्जीकडचा. तिकडच्या एका जिनिंगमध्ये त्याची वीस वर्षे गेली होती. ती बंद पडल्यावर बायकोला घेऊन अकोल्यात आला. बोलायला अगदी थोडा.

वजनमापे खात्याच्या निरीक्षकांना बोलावून हबचा काटा तपासला. काटा खरा निघाला. मग आम्ही साधी परीक्षा केली. बाईंच्या घरी दोन पंचांसमोर एक पार्सल तोलले. चारशे नव्वद. शिवणीवर पंचांच्या सह्या घेतल्या, लाखेचे सील केले आणि हवालदाराने ते तडक हबमध्ये नेऊन काट्यावर ठेवले. सीलच्या लाखेचे दोन-तीन ग्रॅम सोडले तर तेवढेच भरले. दिवसभर ते बाकीच्या पार्सलांबरोबर राहू दिले. संध्याकाळी पुन्हा काट्यावर ठेवले तर वीस ग्रॅम जास्त. सील जसेच्या तसे, सह्या जागच्या जागी. पंच एकमेकांकडे बघू लागले. खरे सांगतो, मला त्या क्षणी मजा वाटली. चोरीत वस्तू कमी होते. इथे बंद पार्सलमध्ये वस्तू वाढली होती.

पार्सल ठाण्यात आणून उघडले. बाईंच्या सासऱ्यांनी दुलईचा कोपरा उसवला, चिमूटभर रुई काढली आणि गालाला लावली. काट्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. "इसमें नमी है साहब," ते म्हणाले. रुईत ओल होती.

ओल म्हटल्याबरोबर आमचे सगळे ठाणे एका दमात शहाणे झाले. वऱ्हाडात वजन वाढवायला कापसावर पाणी मारतात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. त्याच दिवशी आमच्या खबऱ्याने बातमी आणली. त्याची चहाची टपरी हबच्या समोरच होती. काटेवाला रोज सकाळी, दुपारी पाण्याच्या बादल्या आत नेतो, असे तो छातीठोकपणे म्हणाला. मी अंजनगावकडच्या ठाण्यात फोन लावून जुने रेकॉर्ड विचारले. बारा वर्षांपूर्वी जिनिंगमध्ये रुईच्या गाठींवर पाणी मारताना जी माणसे सापडली, त्यांत याचे नाव होते. मालकाने पुढे प्रकरण मिटवले होते. मला आणखी काय हवे होते? दुसरा एखादा दुलयावाला याला चार पैसे देत असणार, असा मी तर्क बांधला आणि त्याला चौकशीला बोलावले.

दोन दिवस तो आमच्या बाकावर बसून होता. मी हात उगारला नाही, तशी गरज मला कधी फारशी पडली नाही. बाकच पुष्कळ काम करतो. येणारा-जाणारा बघतो, ओळखीचा माणूस बघून न बघितल्यासारखे करतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला समोर बसवले. बादली कशाला, विचारले. कूलरमध्ये पाणी टाकतो, म्हणाला. अकोल्याच्या उन्हाळ्यात हे उत्तर इतके साधे होते की मी ते लिहूनही घेतले नाही. कूलर माझ्या डोक्यावरही घुरघुरत होता. मग मी जुने प्रकरण काढले. त्याने ते नाकारले नाही. मालकाने सांगितले म्हणून पाणी मारले, म्हणाला. मग त्याने टेबलावरची ती उसवलेली दुलई जवळ ओढली.

"साहेब, पानी मारलेली रुई मी जलमभर पाह्यली. पानी मारलं का डाग पडते, गोळे होतात. हे तसं नाही. हे आतबाहीर सारखं ओलं आहे. हातानं असं होतच नाही. अन् आमी पानी मारत होतो ते क्विंटलमांगं. वीस ग्रामसाठी कोन मारते?"

मी मनात म्हटले, याला यातले सगळे माहीत आहे, म्हणजे हाच. हबमालकाचा फोन आला तेव्हा मी सांगितले की तुमचा माणूस यात दिसतो. मालकाने त्याच संध्याकाळी त्याला कामावरून काढल्याचे कळवले.

तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या. आदल्या दोन दिवसांच्या दोन पावत्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. एकीवर पाचशे अकरा, दुसरीवर पाचशे नऊ. मी पावत्यांवरच्या तारखा बघितल्या. त्या दोन्ही दिवशी काटेवाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या बाकावर होता.

बाईंना चहा पाजला आणि त्यांची त्या दिवशीची दुलई घेऊन साध्या कपड्यांत हबमध्ये गेलो. मालकाला म्हटले, आज मी इथे बसतो. काटेवाल्याच्याच खुर्चीवर बसलो. बाहेर रस्ता तापून पांढरा पडला होता आणि आत मात्र काय गार! भिंतीत भलामोठा कूलर होता. त्याचा झोत खुर्चीवरून समोरच्या मांडणीवर जात होता. लहान पार्सले त्याच मांडणीवर ठेवत. मी दुलई तिथे ठेवली आणि दर तासाला तोलू लागलो. पहिल्या तासाला सहा ग्रॅम वाढले. पाणी सोडा, कुणी तिच्या जवळपाससुद्धा फिरकले नव्हते. मी मांडणीखाली वाकून बघितले, वरच्या छताकडे बघितले. नव्या काटेवाल्याला मी वेडा वाटलो असेन.

वेळ जायला मी टपरीवरून फुटाणे आणले होते. पुडी उघडी टेबलावर पडली होती. दुपार कलता कलता एक तोंडात टाकला तर तो दाताखाली फुटलाच नाही. सगळे सादळले होते. मी पुडीकडे बघितले, मग मांडणीकडे, आणि शेवटी त्या कूलरकडे. त्याचे दमट वारे दिवसभर माझ्याही अंगावर येत होते आणि मी त्याला नुसते गार म्हणत होतो. उन्हाने वाळून कोरडी ठणठणीत झालेली रुई घरून यायची आणि इथे सहा-सात तास त्या हवेत पाणी पीत बसायची. प्लास्टिकची पिशवी असती तर तिला हवाच लागली नसती. वजन वाचावे म्हणून बाईंनी ती काढली, आणि त्यामुळेच वजन वाढले. मी एकटाच मोठ्याने हसलो. मग तो बाक आठवला आणि हसू तिथेच विरले.

दुसऱ्या दिवशी एक दुलई मांडणीवर आणि एक कूलरपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवून पंचांसमोर फरक दाखवला, जबाब घेतले आणि अर्ज निकाली काढला. कुणीही काहीही केले नव्हते. बाईंना एक पातळशी पिशवी सापडली, चार ग्रॅमची, आणि पावत्या सरळ येऊ लागल्या. आधी कापलेली रक्कम मात्र कंपनीने परत दिली नाही. वजन भरले ते भरले, असे नागपूरच्या साहेबाचे उत्तर. बाई रक्कम विसरल्या, पण त्या माणसाचे नाव आपण अर्जात लिहिले, हे त्या मला तीनदा म्हणाल्या. मी त्यांना म्हटले, तुम्ही नुसता संशय घेतला होता, ठरवले मी.

हबमालकाकडे गेलो. त्याने ऐकून घेतले, कूलरचे तोंड फिरवले आणि म्हणाला, जागा भरली साहेब. मी आवाज चढवून बघितला. त्याच्यावर परिणाम झाला नाही, आणि कायद्यात माझ्याकडे काही नव्हते.

मग काटेवाल्याला शोधत त्याच्या खोलीवर गेलो. तो बाहेरच बाजेवर बसला होता. मी सगळे सांगितले, कूलरचे, फुटाण्यांचे. त्याने लक्ष देऊन ऐकले. सहा-सात तासांत वीस ग्रॅम म्हणजे बरोबर आहे, पिंजलेली रुई लवकर पिते, म्हणाला. हे मी तो बाकावर असताना विचारले असते तर त्याने तेव्हाच सांगितले असते. मी त्याची माफी मागितली. नोकरीत असताना मी कुणाची माफी मागितल्याचे मला दुसरे आठवत नाही.

"माफी राहू द्या साहेब," तो म्हणाला. "तेवढं लिहून द्या."

काय लिहून देऊ, मी विचारले. मी पानी मारलं नाही, एवढंच, तो म्हणाला.

ठाण्यात परत आल्यावर मी छापील नमुने धुंडाळले. अटकेचा आहे, जप्तीचा आहे, हजर राहण्याच्या समजपत्राचा आहे. या माणसाने हे केलेले नाही, असे लिहून देण्याचा नमुना आमच्या कपाटात नव्हता. इतकी वर्षे त्या कपाटासमोर बसून माझ्या हे ध्यानात आले नव्हते. एखाद्याला एखादी गोष्ट नीट कळते, एवढ्यावरून मी त्याला दोषी धरले होते. खरे तर त्या दिवसांत ठाण्यात रुईतले कळणारी दोनच माणसे आली, बाईंचे सासरे आणि हा, आणि त्यांतल्या एकाला मी बाकावर बसवले होते. तेव्हापासून समोरचा माणूस जास्त जाणतो असे दिसले, की मी त्याचा जबाब लिहिण्याआधी त्याला काम समजावून सांगायला लावत असे. त्या सवयीने पुढे मला पुष्कळ वेळा वाचवले.

मी कोऱ्या कागदावर लिहिले. चौकशीत अमुक व्यक्तीचा कोणताही संबंध आढळला नाही, वजनवाढ हवेतील ओलाव्यामुळे झाली, संशय माझ्याकडून चुकीने घेतला गेला. सही केली, शिक्का मारला. संध्याकाळी तो आला. कागद त्याने उभ्यानेच वाचला, एकेका शब्दाखाली बोट ठेवून, आणि आणखी एक प्रत मागितली. एक प्रत दुसरीकडे नोकरी मागायला जाताना दाखवायची असेल, हे मला समजले. दुसरी कशाला, मी विचारले.

त्याने कागदाची घडी केली. "घरी पाहिजे," तो म्हणाला. "बायकोले अजून वाटते, मीच मारलं."