मना आबा दारू पेत नही

"अहो बाई, ही साडी नाही चालणार."

माझ्या मायला म्हणाल्या. सभागृहाच्या मागच्या बोळकांडीत, हारांच्या टोपल्यांशेजारी उभं करून. मला शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टच्या मॅडम होत्या त्या. माय नेसली होती ती मामाने आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घेतलेली जांभळी साडी. लेकीला स्टेजवर बोलावलंय म्हणून घडी मोडलेली. मॅडमनी पदराचा काठ दोन बोटांत धरला आणि सोडला.

"फोटो पेपरला जाणार आहेत. देणाऱ्यांना वाटलं पाहिजे ना, गरजू आहेत म्हणून."

मग झाडू मारणाऱ्या मावशींची शाल मागवली. जुनी, गोळे आलेली. ती मायच्या अंगावर टाकली. जळगावच्या त्या उकाड्यात शाल! मायने गुमान घेतली.

आम्हाला वाटलं होतं, सत्कार आहे. आमच्याकडे पोरीला मार्क पडले की गाव नारळ देतं, टोपी-टॉवेल देतं. घेणारा चांगले कपडे घालून जातो. मळके घालून गेला तर तो देणाऱ्याचा अपमान. आबा, म्हणजे माझा बाप, तर ट्रस्टच्या शेठसाठी टोपी-टॉवेल पिशवीत घेऊन आला होता. म्हणे, "त्या देतस, आपन बी त्यास्ना मान करूत."

आम्ही धरणगावजवळच्या एका खेड्यातले. घरी कापूस. मी जळगावला एम.एस्सी. करत होते, पिंप्राळ्यात तिघी मिळून खोली घेऊन राहायचो. दुसऱ्या वर्षाची फी या शिष्यवृत्तीवर अडकलेली. मिळाली तर शिक्षण, नाहीतर घरी. घरी म्हणजे लग्न. काका स्थळ घेऊन बसलेच होते.

मॅडमनी माझ्या हातात कागद दिला. "तुझं मनोगत. बघून वाच. या ओळीला जरा थांब."

ती ओळ अशी होती: 'माझे वडील व्यसनी असून आई मोलमजुरी करून मला शिकवते.'

मी म्हटलं, "मॅडम, माझे वडील पीत नाहीत."

"अगं, तुमच्याकडे सगळीकडे तेच असतं. लोकांना भिडलं पाहिजे. तुझ्यासाठीच करतोय ना आम्ही?"

तुमच्याकडे. सगळीकडे. तेच.

अंगाची लाही लाही झाली. आमच्या आबाला सुपारीचंही व्यसन नाही. लग्नाच्या हळदीत लोक ग्लास पुढे करतात, तर हा बाबा आचाऱ्याकडून चहा मागून घेतो. गावात त्यावरून चेष्टा होते त्याची. आणि तो आता तिसऱ्या रांगेत बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन, लेक काय बोलते ते ऐकायला.

माझ्या आधी पिंपळनेरकडची एक मुलगी वाचून गेली. उपाशी झोपण्याचं होतं तिच्या कागदात. टाळ्या पडल्या. शेठनी रुमालाने डोळे टिपले. ती मान खाली घालून उतरली. पायऱ्या उतरताना तिने कुणाकडेही पाहिलं नाही.

मग माझं नाव.

शेठला मी लहानपणापासून ओळखत होते. त्यांच्याच जिनिंगला आमचा कापूस जायचा. मी ट्रॅक्टरवर, कापसाच्या ढिगावर बसून जायचे. मुनीम मोठ्याने ओरडून बिल सांगायचा. हमाली कापली, तोलाई कापली, धर्मादा कापला. दरवेळी धर्मादा. एकदा मी आबाला विचारलं, धर्मादा म्हणजे काय? तो म्हणाला, "पुण्यनं काम शे. गरिबस्ना पोरे शिकतस त्यामा."

माईकसमोर उभी राहिले आणि ते आठवलं. गरिबांची पोरं म्हणजे मी! आणि देणारा तो, तिसऱ्या रांगेतला. मागे बोर्डावर मात्र 'दानशूर' म्हणून फोटो शेठचा. आमच्याच कापसातून काढायचं, आम्हालाच वाटायचं, आणि वर माझ्या बापाची अब्रूही मागायची?

मी कागदाची घडी घातली. सभेतली मराठी तोंडात येईना. घरातलीच आली.

"मना आबा दारू पेत नही. तो तठे बसेल शे, तिसरी रांगमा. ज्यास्ले वास लेवाना व्हई, त्यास्नी लई ल्या."

मागून हशा उठला. मी थांबले नाही, शेठकडे वळून त्यांना कळेल अशा मराठीत म्हटलं, "आणि शेठजी, हा पैसा तुमचा नाही. दर हंगामाला आमच्या बिलातून धर्मादा कापता, तो हा. आयजीच्या जिवावर बायजी उदार! तरी माझा बाप तुमच्यासाठी टोपी-टॉवेल घेऊन आलाय."

माईक बंद झाला. शेठ हसले. मॅडमना म्हणाले, "पोरगी फार शिकलेली दिसते. पुढचं नाव घ्या." माझं शिष्यवृत्तीचं पाकीट ताटातच राहिलं.

मायने शाल काढून खुर्चीवर ठेवली. रस्त्यावर आल्यावर मात्र ती माझ्यावर तुटून पडली. "तुले तोंड आवरता उनं नही का? आते फी कोन भरी?"

आबाने टोपी-टॉवेलची पिशवी काखेत मारली. मग म्हणाला, "भरसूत. पोर खोटं बोलनी नही."

नाही भरता आली. वर्ष गेलं. रोज रडले मी. मेडिकलच्या दुकानात उभी राहिले, शिकवण्या घेतल्या, काकांची स्थळं परत पाठवली. कुणी म्हणेल, अपमानातून माणूस घडतो. डोंबल घडतो. माझं वर्ष खाल्लं त्याने.

देणाऱ्यांवर माझा राग नाही. पुढच्या वर्षी साठवलेल्या पैशांतून पुन्हा प्रवेश घेतला, तेव्हा माझी परीक्षेची फी आमच्या विभागातल्या एका बाईंनी परस्पर भरली. मला शिपायाकडून कळलं. आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "प्रॅक्टिकल नीट कर." देणं असंही असतं.

आता मी धुळ्याला कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. परवा एक विद्यार्थिनी कागद घेऊन आली. ट्रस्ट तोच.

"मॅडम, यात पप्पा वारले असं लिहिलंय. ते तर खाली थांबलेत, मला न्यायला."

मी खिडकीतून पाहिलं. खरंच, स्कूटरवर बसून शेंगा खात होता तिचा बाप. धडधाकट.

ती रडवेली झाली होती. "वाचू का मग? नाही वाचलं तर शिष्यवृत्ती जाईल."

"वाचायचं नाही," मी म्हटलं. "आणि शिष्यवृत्तीही सोडायची नाही."

मी पाकीट सोडून आले होते. ही सोडणार नाही. कार्यक्रमाला मी जाणार आहे, तिच्या बापाला बरोबर घेऊन, इस्त्रीच्या कपड्यांत, पहिल्या रांगेत. ती वर जाईल, आपलं नाव सांगेल, मार्क सांगेल, पाकीट घेईल आणि ताठ मानेने खाली येईल. कुणी पाकीट मागे ओढलं, तर स्टेजवर मी चढणार. आमच्या कॉलेजच्या मंडळावर तेच शेठ आहेत, मला माहीत आहे. माझे तास जातील. जाऊ देत.

ही पोरगी शिकणार. बापाला मारून नाही, बापासमोर शिकणार. अडवून दाखवा.