आईने काढवलेली छबी

आज दवाखान्यात ईथरचा वास आला आणि मी ठाण्याच्या आमच्या अंगणात पोचले. फोटोवाला काचेवर जे औषध ओतत होता, त्याला हाच वास होता.

मी कल्याणला सासरी निघण्याआधी आईला माझी छबी हवीच होती. "छबीनं आयुष्य घटतं," म्हणत बाबा माझ्या मागे, पार विहिरीपाशी जाऊन उभे राहिले. आईनं ऐकलं नाही. स्वतः खुर्ची मांडून तिनं मला पितळी भिंगासमोर बसवलं.

काचेवर माझी पापणीन् पापणी रेखीव उमटली. मागचं सगळं विरघळलं होतं. त्यातच बाबांचं पागोटं, धूसर.

"मागे कुणीतरी आलंय. पुन्हा काढू?"

"नको," आई ठामपणे म्हणाली. "आलेत ना, राहू देत."

आता मी त्या छबीत स्वतःला बघतच नाही. बाबांचं तेवढंच चित्र आमच्याकडे आहे.