बाल्कनीतला डबा

मेधावहिनींनी माझ्या हातातला डबा घेतला. "वा, करंज्या का?" म्हणाल्या. मग बाल्कनीचं दार उघडून त्यांनी तो बाहेर, बिअरच्या रिकाम्या क्रेटवर ठेवला आणि दार लावून घेतलं.

टेबलावर बाकीच्यांचे डबे होते. चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, कुणाचे तरी अनारसे. सगळ्यांची झाकणं उघडी.

जर्मनीत थंडीच्या दिवसांत बाल्कनी म्हणजे दुसरा फ्रीज. भाड्याच्या घरातला फ्रीज एवढासा असतो, त्यामुळे भाजीचं पातेलं, दूध, दही सगळं बाहेर ठेवतात. मीही ठेवते. म्हणूनच पहिल्या वर्षी मला काही वाटलं नव्हतं. जागा नसेल, म्हटलं. निघताना वहिनींनी डबा तसाच भरलेला परत हातात दिला. "अगं बाई, उघडायचा राहिलाच बघा," म्हणाल्या. दुसऱ्या वर्षीही राहिला. हे तिसरं वर्ष होतं.

करंज्या थंड ठेवायच्या नसतात. बाहेरच्या ओल्या हवेत त्या सादळतात. हे मेधावहिनींना माझ्याइतकंच माहीत होतं.

दोन हजार आठची दिवाळी. अमेरिकेची निवडणूक दोन-चार दिवसांवर आली होती. आमचं म्युनिकजवळचं मराठी मंडळ दरवर्षीप्रमाणे विकासरावांकडे फराळाला जमलं होतं. विकासराव म्हणजे मेधावहिनींचे यजमान, मंडळाचे अध्यक्ष, मंडळ निघालं तेव्हापासूनचे. हॉलचं भाडं तेच भरत, नाटकवाल्यांची विमानाची तिकिटं तेच काढत. त्यांची स्वतःची सॉफ्टवेअरची कंपनी होती आणि मंडळातले निम्मे पुरुष त्यांच्या कंपनीतर्फे कुठे ना कुठे कामाला लावलेले. त्यामुळे विकासरावांचा विनोद कधी पडत नसे.

मी त्यांच्याकडे कामाला नव्हते. जवळच्याच उंटरश्लाइसहाइम गावात एका अमेरिकन कंपनीच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. नवरा लांब ड्रेस्डेनला कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात, एकाआड एक शनिवार-रविवारी घरी यायचा. मंडळात तो एकदाच आला होता. एकाने त्याला आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात घर नेमकं कुठे ते विचारलं. ते उत्तर मिळाल्यावर तो माणूस चहा आणायला उठला आणि परत आलाच नाही. नवरा म्हणाला, मी पुन्हा येणार नाही, तुला अजून आशा असेल तर तू जा. आशा वगैरे नव्हती. मुलीच्या कानावर मराठी पडावं, एवढंच होतं. सुजाता बारा वर्षांची होती. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असं आमचं चालायचं.

त्या दिवशी विकासरावांनी बुटांच्या खोक्याला सोनेरी कागद लावून मतपेटी केली होती. वरती फट. आपण अमेरिकन असतो तर कुणाला मत दिलं असतं, चिठ्ठीवर लिहा आणि टाका. मुलांनीही टाकल्या. मग त्यांनी एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचली. जवळजवळ सगळी मतं काळ्या उमेदवाराला. एक दुसऱ्याच्या नावाची निघाली, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "कोण रे तो फितूर?" सगळे हसले. मीही हसले.

मग विकासराव बोलायला उभे राहिले. चांगलं बोलत ते. बँका बुडाल्या, मूठभर श्रीमंतांनी देश वाटून घेतला, आता साधी माणसं उठली आहेत, म्हणाले. खरे अमेरिकन कोण आणि उपरे कोण, असली भाषणं तिकडे चालली होती, त्यांची त्यांनी खिल्ली उडवली. मग आवाज उतरला. म्युनिकला नवे असताना ते घर शोधत होते. फोनवर घर रिकामं असायचं. आडनाव सांगितलं की नुकतंच गेलेलं असायचं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पाणी खोटं नव्हतं.

"शेवटी माणूस बघायचा असतो," ते म्हणाले. "कातडी नाही, आडनाव नाही."

टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. आडनावाचा फटका त्या माणसाला म्युनिकमध्ये आल्यावर पहिल्यांदा बसला होता आणि तो त्याला अजून विसरता येत नव्हता. मला तो शाळेच्या हजेरीपासून माहीत होता. तरी मला त्याची दया आली. मग मी स्वतःवरच वैतागले.

तेवढ्यात सुजाता येऊन बाजूला उभी राहिली. बाल्कनीच्या काचेकडे बघत तिने जर्मनमध्ये विचारलं, "आपला डबा बाहेर का आहे?"

"थंड राहावा म्हणून."

तिने टेबलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "आणि त्यांचे?"

माझ्याकडे उत्तर होतं. माझ्या आईने मला दिलं होतं, तेच. लक्ष देऊ नकोस, तू अभ्यास कर. मी अभ्यास केला. नोकरी केली, देश ओलांडला, आणि डबा बाहेरच होता. तेच उत्तर आता मी पोरीला दिलं असतं, तर तिने पुढे ते तिच्या पोरीला दिलं असतं.

मी उठले, बाल्कनीचं दार उघडलं, डबा आत आणला. चकलीचं ताट सरकवून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि झाकण काढलं. कुणी घेतलं नाही. सुजाताने एक करंजी उचलली, चावली.

"सादळलीये," ती म्हणाली. मराठीत.

फराळानंतर नेहमीप्रमाणे विकासरावांनी पुढच्या वर्षाची समिती वाचून दाखवली. अध्यक्ष ते स्वतः. खजिनदार त्यांचे मेहुणे. सांस्कृतिक, मेधावहिनी. सगळे बिनविरोध. टाळ्यांसाठी हात वर आले होते.

"विकासराव, पेटी अजून टेबलावरच आहे," मी म्हणाले. "हीच वापरू."

ते हसले. "अहो ताई, ती गंमत होती."

"अमेरिकेपुरती गंमत. आपल्यापुरतं खरं करू."

मेहुणे म्हणाले, "सगळ्यांचं एकमत असताना मतदान कशाला?"

"एकमत असेल तर पेटीतूनही तेच निघेल."

"पण समोर उभं कोण राहणार?"

"मी. अध्यक्षपदासाठी."

तासाभरापूर्वी साध्या माणसांच्या उठावावर बोललेल्या माणसाला नाही म्हणता येईना. नव्या चिठ्ठ्यांसाठी कागद फाडले गेले. पेनं फिरली. समोर निखिल बसला होता. विकासरावांच्या कंपनीत वर्षभरापूर्वी लागलेला पोरगा. रविवारी माझ्याकडे वरण-भात खायला यायचा, ताई ताई करायचा. त्याचा व्हिसा विकासरावांच्या सहीवर उभा होता. माझी नजर पडताच त्याने मान खाली घातली आणि चिठ्ठीभोवती हाताचा आडोसा केला. मी त्याला दोष देत नाही. पण विसरलेलेही नाही.

मी हरले, ते सांगायला नको. माझ्या नावाच्या चार चिठ्ठ्या निघाल्या. एक माझी. उरलेल्या तीन कुणाच्या, मला आजही माहीत नाही. विकासराव मोठेपणाने म्हणाले, ही खरी लोकशाही, ताईंचं कौतुक करायला हवं. पुन्हा टाळ्या.

कोट घालत होते तेव्हा मेधावहिनी मागून आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "किती मनाला लावून घेता हो तुम्ही. मी विसरले होते."

"तीन दिवाळ्या विसरलात."

मी डब्याला झाकण लावलं. मग ती सोनेरी पेटीही उचलली. कुणी अडवलं नाही. खोकंच तर होतं.

बुधवारी सकाळी निकाल लागला. ऑफिसात माझ्या खोलीतल्या जर्मन बाईने मला मिठी मारून अभिनंदन केलं, जणू माझा भाऊ निवडून आला होता. मी सावळी, एवढाच संबंध. दुपारी अमेरिकेतून मेल आली, की माणसं कमी करायची आहेत. कोणाला काढायचं ते ठरवणारे तेच होते, जे गेल्या आठवड्यात होते. संध्याकाळी विकासरावांची मेल मंडळातल्या सगळ्यांना आली. मोठ्या अक्षरांत, आज इतिहास घडला. मी ती वाचली आणि पुसली. मला निकालाचा आनंद नव्हता असं नाही. दमले होते. तिकडचा काळा माणूस निवडून आला की ज्यांची छाती फुगते, त्यांच्या बाल्कनीचं दार इकडे लागलेलंच राहतं. टाळ्या वाजवल्याने ते उघडत नाही.

सुजाताने पेटी तिच्या टेबलावर ठेवली आहे. आत रंगीत पेन्सिली ठेवते. एका कोपऱ्यातला सोनेरी कागद निघालाय, तो चिकटपट्टीने लावलाय.

आता पुन्हा दिवाळी आली. मंडळाची मेल आली आहे. प्रत्येकाने एक पदार्थ आणावा आणि समिती तीच राहील, असं खाली लिहिलं आहे. नवरा म्हणतो, पुरे झालं, सोड आता. मी सोडणार नाही. हरले तर हरले. त्यांना दरवर्षी मला सगळ्यांसमोर हरवावं लागेल. गुपचूप बाहेर ठेवता येणार नाही.

करंज्या मी करणार आहे. त्या घरी खाऊ, कुरकुरीत असताना. त्यांच्या दारात यापुढे डबा नेणार नाही. पेटी नेणार आहे.