हज्जा इन्शिराहची आपोआप कोंबडी

हज्जा इन्शिराहच्या कोंबड्या किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, तोंड केल्याशिवाय मरत नसत. कोंबडी उलटी उभी राहिली, की इन्शिराह थांबायची. कोंबडी इकडेतिकडे फिरायची, जमिनीवर उगाच चोच आपटायची, पुन्हा पाठ करायची. इन्शिराह थांबायची. एकदा का तोंड नीट आलं, की "बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर" म्हणून एकच वार.

यात नवल काही नाही, इजिप्तमधल्या दुम्यातच्या निम्म्या बायका असंच करतात. नवल एवढंच, की या कोंबड्या चौकोनी होत्या आणि कॉम्प्युटरमध्ये राहत होत्या.

खऱ्या कोंबड्याही तिने तीस वर्षं पाळल्या होत्या, पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत. कोंबड्या, बदकं आणि कुणाला न विचारता येऊन राहिलेली कबुतरं. मग गुडघे गेले. मुलगा वगदी कुवेतला एसी दुरुस्तीच्या कंपनीत इंजिनियर. तो सुट्टीवर आला, आई दर मजल्यावर पायरीवर बसते हे त्याने पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं खुराडं गाडीत भरून खेड्यात मावशीकडे रवाना केलं. इन्शिराहने आठ दिवस अबोला धरला. शेवटी प्रायश्चित्त म्हणून त्याने तिला एका खेळात आणून बसवलं. ठोकळ्यांचं जग, खणा, बांधा, काय हवं ते करा. तो आणि अलेक्झांड्रियाला दिलेली बहीण शाहिनाझ, दोघं तिथे आधीपासून खेळत होते.

"फोनवर तू पाच मिनिटांत भांडतेस, आई," वगदी म्हणाला. "इथे निदान हाताला काही काम असताना भांडशील."

पहिल्याच दिवशी तिने मुलांचा संसार पाहिला. वगदीचा राजवाडा, शाहिनाझचा त्याहून मोठा राजवाडा, कारंजी, झुंबरं. आणि खायला काय, तर रात्री फिरणाऱ्या भुतांचं सडकं मांस!

"चालतं गं, आई. थोडं पोट बिघडतं, एवढंच," वगदी म्हणाला.

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!" इन्शिराह कडाडली. "बदकं कुठे मिळतात इथे?"

"या खेळात बदक नाही."

"मग बनवणारा दुम्यातचा नाही. कोंबड्या?"

कोंबड्या होत्या. शाहिनाझने तिला कोंबड्यांचं आपोआप यंत्र बांधायला शिकवलं. वरच्या खोलीत कोंबड्या अंडी घालतात, अंडी चाडीतून, म्हणजे नरसाळ्यातून, खालच्या पेटीत पडतात, पेटी अंडी भिंतीवर फेकते, काहींतून पिल्लं निघतात. पिल्लू मोठं झालं, की त्याचं डोकं वर सोडलेल्या लाव्ह्याला लागतं, आणि भाजलेली कोंबडी थेट खालच्या पेटाऱ्यात. माणसाने नुसतं यायचं आणि खायचं. चाडी उलटी बसणं, अंडी बाहेर सांडणं, पिल्लं पळून जाणं, हे सगळं तीन आठवडे चाललं. सहासष्टाव्या वर्षी इन्शिराहने ते शिकून घेतलं, आणि शेवटचा लाव्हा ओतायची वेळ आली तेव्हा बादली खाली ठेवली.

"बिस्मिल्ला कोण म्हणणार?"

"कुठे?"

"इथे. जिवंत जाळायची, वर देवाचं नाव नाही. हे मी माझ्या पोरांना खाऊ घालू?"

"आई, हे चित्र आहे," शाहिनाझ म्हणाली.

"मग सडकं मांस खाऊन तुमचं पोट का बिघडत होतं? चित्रच होतं ना?"



तेव्हा इन्शिराहने यंत्र आपल्या पद्धतीने वळवलं. अंडी आपोआप, पिल्लं आपोआप, मोठ्या कोंबड्या एका बोळात येऊन उभ्या राहणार तेही आपोआप. पण तलवार तिच्या हातात. कापलेली कोंबडी चाडीतून भट्टीत, भट्टीतून पेटाऱ्यात. खेळात मक्का नाही, असं वगदीने सांगून पाहिलं. "सूर्य आहे ना?" म्हणत तिने सूर्य उगवतो तिथून थोडं उजवीकडे, असा किब्ला ठरवला. शाहिनाझचं यंत्र तासाला जेवढ्या कोंबड्या देतं तेवढ्या इन्शिराहच्या हातून अख्ख्या दिवसात होत नसत, आणि याचा तिला अभिमानच होता.

दर शुक्रवारी नमाजानंतर ती माईकमध्ये ओरडायची, "पानं वाढलीत, या रे!" कुवेतहून वगदी यायचा, अलेक्झांड्रियाहून शाहिनाझ यायची. ती दोघांपुढे कोंबड्या फेकायची, ते खायचे आणि तासभर बसायचे. इन्शिराहला आणखी काही नको होतं. गच्ची गेली होती, पण पोरं तिच्या हातचं खात होती.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर पडद्याकडे बघायचं नाही असं बजावलं. महिना संपला त्या दिवशी ती हौसेने खेळात शिरली, पेटारा उघडला, आणि आत भाजलेल्या कोंबड्यांचा ढीग. आणखी तीन पेटारे, तेही काठोकाठ. वर लाल लाव्हा झळाळत होता.

"कुणी कापल्या?" तिने विचारलं.

"आई, तू नव्हतीस ना," शाहिनाझ म्हणाली. "आम्ही मूळचं यंत्र चालू केलं. आता तुला डोळे ताणायला नकोत. आराम कर."

"चवीत फरक पडला?"

शाहिनाझ हळूच म्हणाली, "खेळात चव नसते गं."

इन्शिराहला हे फार लागलं. लाव्ह्याचं नव्हे; महिनाभर आपल्यावाचून कुणाचं काही अडलं नाही, याचं. "मग यंत्रालाच आई म्हणा," एवढं बोलून तिने कॉम्प्युटर बंद केला.

पहिल्या शुक्रवारी ती सोफ्यावर बसून वालासारखे खारवलेले ल्युपिनचे दाणे सोलत राहिली. दुसऱ्या शुक्रवारीही. शाहिनाझने फोन केला तेव्हा म्हणाली, डोळे चुरचुरतात. शाहिनाझ म्हणाली, आम्हीही हल्ली जात नाही, पेटारे भरलेलेच असतात. इन्शिराहने सालं मोठ्याने ताटलीत टाकली.

तिसऱ्या शुक्रवारी वगदीचा फोन आला.

"आई, यंत्र बिघडलं."

"मी काय करू? मी काय इंजिनियर आहे?"

"एकदा बघ तरी. मला भूक लागलीय."

भूक हा शब्द ऐकून बसून राहील ती इन्शिराह कसली. ती आत शिरली. लाव्हा गायब, चाड्या फुटलेल्या, चारही पेटाऱ्यांचा चुरा, आणि मधोमध वगदी उभा. हातात कुदळ.

"कसं बिघडलं?"

"आपोआप."

"अस्सं! आणि कुदळ हातात आपोआप आली?"

वगदीने कुदळ झटकन ठेवून दिली. तिने पुढे विचारलं नाही. बोळातली एक कोंबडी गाठली, तिची मर्जी होईस्तोवर थांबली, नाव घेतलं, वार केला, भट्टीपाशी उभी राहून भाजू दिली, आणि ती मुलापुढे फेकली. त्याने उचलली. हातात धरून तो तसाच उभा राहिला.

"खात का नाहीस?"

"खाता येत नाही, आई. पोट भरलेलं असलं, की हा खेळ खाऊ देत नाही."

"आत्ता तर भूक म्हणालास!"

"थांब ना, लागेल," वगदी म्हणाला, आणि पळत सुटला. त्रेचाळीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, आईच्या खुराड्याभोवती गोल गोल पळायला लागला. इन्शिराहच्या नव्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी डोळे चोळायचे नाहीत सांगितलं होतं, म्हणून तिने ते तसंच वाहू दिलं.

तेवढ्यात शाहिनाझ उगवली. "हा काय करतोय?"

"त्याला भूक लागतेय. तू जेवून आलीस?"

शाहिनाझने क्षणभर विचार केला आणि तीही पळायला लागली.

इन्शिराहने भट्टीत आणखी दोन कोंबड्या घातल्या आणि माईकमध्ये ओरडली, "नुसतं पळू नका रे! उड्या मारा! उड्या मारल्या की लवकर लागते!"